अक्काचं नाव त्या घाटाला नको

बातमी आणली ती बिदरहून येणाऱ्या बसच्या कंडक्टरनं. मी औरादला तहसील कचेरीसमोरच्या हॉटेलात चहा घेत होतो. बस पुरती थांबलीही नव्हती, तोच दारात लोंबकळत तो ओरडला, "नामदेवराव, बिगी मैलूरला जावा. तुमच्या अक्काचं काई खरं न्हाई." काही खरं नाही म्हणजे आपल्याकडं सगळं संपलं असाच अर्थ असतो, तोंडावर 'मेलं' म्हणायला माणूस धजत नाही. त्याच बसनं मी उलटा बिदरला, मैलूर भागातल्या तिच्या घरी गेलो. दार सताड उघडं होतं, शेजारच्या बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या, आणि माझी थोरली बहीण मधल्या खोलीत चटईवर... शाळेतून आल्यावर डबा घासता घासता मोरीतच कोसळली, असं शेजारीण सांगत होती. डबा अजून अर्धा खरकटा होता. मला दुसरं काही सुचेना, मी तो घासायला बसलो. कुणीतरी म्हणालं, भावाला धक्का बसला आहे. धक्का नव्हता. तिच्या घरातलं तिचं एक काम तरी आपल्या हातून पुरं व्हावं, एवढंच वाटलं. तिची याआधीची कामं मी पुरी होऊ दिली नव्हती.

त्याला आता काही आठवडे झाले. मधे आमच्या गावात शोकसभा झाली. मांडव तळ्याच्या काठावर घातला होता. गावच्या पाटलांचा मुलगा आता मंडल पंचायतीत निवडून आला आहे, त्यानं अक्काच्या फोटोला हार घातला आणि माईक हातात घेऊन म्हणाला, "गौतमीअक्कांनी आपलं तळं वाचवलं. त्यांचं जीवन तळ्यातल्या कमळासारखं होतं. म्हणून या घाटाला आपण त्यांचं नाव देणार." टाळ्या पडल्या. आणि त्याच्या पाठीमागं, मांडवाच्या कनातीपलीकडं, ते वाचवलेलं तळं होतं. पाण्याचा एक थेंब दिसत नव्हता. या बांधापासून त्या बांधापर्यंत हिरवंगार, जाड, चकचकीत पान, आणि त्यावर जांभळी फुलं. मागच्या उन्हाळ्यात एक वासरू कुरण समजून त्यावर चालत गेलं आणि बुडालं. ते तळं वाचलं म्हणे, आणि अक्कानं वाचवलं म्हणे! मी पहिल्या रांगेत बसलो होतो. उठून बोलायला हवं होतं. मी बोललो नाही. जे तिथं बोललो नाही ते इथं लिहितो आहे. मला राग आलेला आहे आणि तो निवळेपर्यंत थांबायची माझी इच्छा नाही. त्यातला माझ्या वाट्याचा रागही मी यात धरलेला आहे.

अक्काचं पाळण्यातलं नाव गंगू. आमच्या वस्तीनं धम्मदीक्षा घेतली तेव्हा ती नऊ-दहा वर्षांची असेल. त्या साली पुष्कळांनी नावं बदलली, अप्पांनी तिचं गौतमी केलं. अप्पा, म्हणजे आमचे वडील, दगड फोडायचं काम करत. वस्तीच्या मागं माळावर खदान होती, तिथलाच दगड काढून वस्तीनं आपलं छोटं विहार बांधलं. दगड निघाला तिथं मोठा खड्डा झाला, पावसानं भरला, खालून एक झराही लागला. हा खड्डा म्हणजे आमचं पहिलं पाणी. आज वाचणाऱ्याला हे कळायला हवं म्हणून सांगतो. तोवर आमच्या बाया गावच्या तळ्यावर जात, पण घाटाची पायरी उतरत नसत. घागर खाली ठेवून बाजूला उभं राहायचं. गावातली कुणी बाई आली, तिला दया आली, तिचा हात रिकामा असला, तर ती वरून पाणी ओतणार. याला 'पाणी वाढणं' म्हणत. जेवण वाढावं तसं. आई दुपारपर्यंत उभी राहिलेली मी पाहिली आहे. खदानीला पाणी लागलं तेव्हा वस्तीतल्या म्हाताऱ्या तुळसाआत्यानं काठावर बसून दोन्ही हातांनी पाणी उडवलं आणि म्हणाली, "आता मलाच मी वाढून घेती गं बायांनो!"

विहार झालं, मूर्ती आली, पण फूल नव्हतं. मूर्तीच्या बैठकीवर कमळ कोरलेलं. अप्पांच्या मनात आलं की वैशाखी पौर्णिमेला खरं कमळ वाहायचं. गावच्या तळ्यात कमळं होती. ती देवळात जात. आमच्यासाठी पाणीच नव्हतं तिथं फूल कुठून येणार? अप्पा पुढं हैदराबादला इमारतीच्या कामावर गेले. तिथं एका बागेच्या कडेला तलावात त्यांनी तरंगती जांभळी फुलं पाहिली. झुपक्यानं वर आलेली, वरच्या पाकळीवर मोराच्या पिसासारखा निळा डोळा, त्यात पिवळा ठिपका. माळ्याला विचारलं तर तो म्हणाला, विलायती कमळ आहे, लागतील तेवढी न्या. अप्पांनी ओल्या पोत्यात गुंडाळून चार रोपं आगगाडीनं बिदरला आणि तिथून बैलगाडीनं गावाला आणली. रस्त्यात दर ओढ्यावर उतरून पोतं भिजवलं. खदानीत सोडली तेव्हा सगळी वस्ती काठावर होती. त्या वैशाखात मूर्तीसमोर आमच्या स्वतःच्या पाण्यातलं, आमच्या स्वतःच्या हातानं काढलेलं फूल होतं. अप्पा रडले. मी लहान होतो, पण ते रडणं मला आठवतं. त्या फुलाबद्दल मी पुढं कितीही वाईट लिहिलं तरी ते रडणं खोटं नव्हतं, हे वाचणाऱ्यानं विसरू नये.

फूल एका दिवसात मान टाकायचं, पण झाड थांबायचं नाही. तीन पावसाळ्यांत खदान झाकली. पाण्याला वास यायला लागला, डास झाले, घागर बुडवायला जागा राहिली नाही. आणि आमच्या बाया पुन्हा घाटावर जाऊन उभ्या राहिल्या. एका आषाढात खदान तुंबून फुटली, ओघळातून रोपं वाहत गेली आणि गावच्या तळ्यात पोचली. पुढच्या वर्षी तळ्यात जांभळी फुलं दिसली, देवळात जाणारी कमळं दबून गेली. पाटील चावडीवर बसून आमच्या माणसांना म्हणाले, "तुमचं कमळ अन् तुमी, दोघंबी लई पसरायलाव." लोक हसले. आमचीही काही माणसं हसली, कारण न हसणं परवडणारं नव्हतं.

अक्का तेव्हा गुलबर्ग्याला वसतिगृहात राहून कॉलेज शिकत होती. वस्तीतली कॉलेजात गेलेली पहिली मुलगी, आणि घेतलं काय तर वनस्पतिशास्त्र. तुळसाआत्या म्हणायची, "गवत वळखायला पोरगी गुलबर्ग्याला गेली, आमाला इचारली असती तर फुकट सांगितलं असतं." एका तासाला प्राध्यापकांनी टेबलावर काचेचं भांडं ठेवलं, आणि भांड्यात अप्पांचं कमळ! जलपर्णी. दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यातली. अक्का सुट्टीला घरी आली ती पिशवी न ठेवता खदानीवर गेली. पानाचा फुगीर देठ तिनं नखानं चिरून मला दाखवला, आत स्पंजासारख्या हवेच्या खोल्या. आडव्या दोऱ्यासारख्या फांदीच्या टोकाला पिल्लू, त्या पिल्लाच्या फांदीला पुढचं पिल्लू. संध्याकाळी जेवताना तिनं विषय काढला.

"अप्पा, ते कमळ न्हाई. कमळाच्या जवळचंबी न्हाई."

"मग काय हाय?"

"तण हाय. लई लांबून आलंय."

अप्पा भाकरी मोडायचे थांबले. "आमीबी कुठनं तरी आलाव म्हणतंय गाव. म्हनून काय आमी तण?"

"तसं कुठं म्हणायलेय मी..."

"बुद्धाम्होरं ठिवलेलं फूल तण व्हतंय व्हय गं?"

अक्कानं त्यांच्या ताटात कालवण वाढलं. मग म्हणाली, "फूल फूलच हाय अप्पा. पर पाणी प्यायचं का फुलं वाहायची, येवढं ठरवा." अप्पा ताटावरून उठले. त्यानंतर कित्येक महिने बाप-लेक माझ्यामार्फत बोलत होते.

पण त्या झाडावर ती कधी चिडलेली मी पाहिली नाही. कुणी त्याला 'राक्षस' म्हटलं तर ती भांडायची. "त्याच्या घरी ते राक्षस न्हाई," म्हणायची. तिकडं ती नदी दरसाल इतकी चढते की उभं जंगल महिनोन्‌महिने पाण्यात असतं. मासे झाडांच्या मधून पोहतात, गळून पडलेली फळं खातात आणि बिया दूर नेऊन टाकतात. ही जलपर्णीही तिथं आहे, तरंगत्या कुरणासारखी, पण तिला खाणारे किडे आहेत, पाण्यात राहणारं गाईएवढं एक जनावर तिच्यावर चरतं, आणि नदी उतरली की झाडांचे थरच्या थर काठावर पडून वाळून जातात. चढणारं पाणी तिला वाढवतं आणि उतरणारं पाणी मारतं. हे सगळं ती पुढं बिदरच्या शाळेत शिकवायची तेव्हा पोरं हसायची: मासा कधी पेरू खातो व्हय? ती फळ्यावर पाण्यात बुडालेलं झाड काढायची, त्याच्या फांदीशी मासा, माशाच्या तोंडात फळ. तिनं ती नदी कधी पाहिली नाही. ती हैदराबादच्या पलीकडंही गेली नाही. पण तिथलं पाणी कोणत्या महिन्यात चढतं ते तिला पाठ होतं. मी एकदा कौतुकानं म्हणालो, "अक्का, आपल्या गावासारखंच की गं, जुनी गोष्ट मुळापासून निघतच न्हाई." ती फटकन म्हणाली, "झाडाला जात लावू नको नामू. त्याला खाणारं इथं कुणी न्हाई म्हणून ते वाढायलंय. जातीला खाणारे हाईत, त्येंनी तोंड मिटून घेतलंय." हे ती माझ्याकडं बघून म्हणाली होती.

तळं निम्मं झाकलं होतं तेव्हा ती पाटलांकडं गेली. वाड्याबाहेर उभी राहून म्हणाली, "आमची माणसं काढत्याल. आमच्याकडनं आलंय, आमीच काढताव. आत्ता काढलं तर निघंल." पाटील म्हणाले, "तळ्यात तुमचे हात? त्यापरीस तण परवडलं, पोरी." तण त्यांना खरंच परवडलं. दोन वर्षं परवडलं. मग म्हशी पाण्याला तोंड लावीनात, मासे उलटे होऊन तरंगायला लागले, घाटाच्या खालच्या पायऱ्या दिसेनात. तेव्हा आमच्या हाताचा विटाळ कुठं गेला कुणास ठाऊक! पाटलांचा माणूस वस्तीत येऊन ओरडून गेला, "उद्यापासनं तळं साफ करायचंय, घरटी दोन माणसं." मजुरीचं नाव नाही. अक्का सुट्टीवर आलेली होती. विहारासमोर बसलेल्या माणसांना ती म्हणाली, "जाऊ या. पर जो काढंल तो त्याच घाटावर पाणी भरंल. पायरी उतरून. कुणी वाढायचं न्हाई. कबूल असंल तर जाऊ."

हा निरोप पाटलांकडं मी नेला. मी नुकताच तहसीलमध्ये कारकून म्हणून लागलो होतो. पाटलांनी मला चावडीवर खुर्ची दिली. आमच्या घरातल्या माणसाला त्या चावडीवर मिळालेली ती पहिली खुर्ची. "बसा की नामदेवराव," म्हणाले. नाम्याचा नामदेवराव झाला, आणि त्या एका 'राव'नं माझी जीभ जड झाली. अट सांगितली. ते म्हणाले, "तळं तर निघू द्या, मग घाट काय अन् पायरी काय! तुमीबी गावचेच." एवढंच. मी परत आलो आणि वस्तीला सांगितलं, पाटलांनी शब्द दिला. शब्द दिला होता का? तेव्हा मला तसंच वाटलं. आज वाटतं, खुर्चीवरून जे ऐकू येतं ते खुर्चीच ऐकवते.

तो उन्हाळा मी विसरणार नाही. सगळी वस्ती तळ्यात उतरली होती, जन्मात पहिल्यांदा. अक्का पदर खोचून सगळ्यांत पुढं, छातीएवढ्या पाण्यात. ती ओरडून सांगायची, "वरवर वढू नका, खालनं हात घाला, पिल्लू सोडू नका!" काढलेलं लांब कोरड्या माळावर नेऊन पसरायचं, वाळवायचं, मग जाळायचं, हा तिचा दंडक. गाव बांधावर बसून तमाशा बघत होतं. तुळसाआत्या गुडघाभर चिखलात उभी राहून त्यांना म्हणाली, "या की पाव्हणे, पाणी लई ग्वाड हाय, वाढू का?" आमच्या बाया इतक्या हसल्या की एक पाण्यात पडली. अप्पा मात्र येत नव्हते. रोज बांधाच्या टोकाला तळ्याकडं पाठ करून बसत. शेवटी एका सकाळी उठले, धोतर वर घेतलं, अक्काच्या शेजारी येऊन उभे राहिले. म्हणाले, "फूल म्या आणलं. उपटायचं तुझ्या हातानं कामून?" दोघं मुकाट्यानं काढत राहिले. बाप-लेकीचं भांडण त्या पाण्यात मिटलं. त्या तळ्यानं आम्हाला तेवढं एक दिलं.

तळं निघालं. पाणी कित्येक वर्षांनी आकाशासारखं दिसलं. दुसऱ्या दिवशी अक्का आणि वस्तीतल्या बाया नव्या कळशा-घागरी घासून घाटावर गेल्या. पायऱ्यांवर बाभळीच्या काट्या टाकलेल्या होत्या. वर पाटलांचा माणूस बादली-दोर घेऊन उभा. "ठिवा घागरी," म्हणाला, "वाढतो." पाटील वडाखाली बसले होते. अक्कानं विचारलं, "शब्द दिला व्हता तुमी." पाटील म्हणाले, "शब्द? कुणाला? नामदेवराव, मी घाट देतो म्हनलो व्हतो का?" सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी खाली बघितलं. मला माझ्या चपला आठवतात, त्यांना वाळलेला चिखल लागलेला होता... मी बोललो असतो तर घाट मिळाला असता असं नाही. पण अक्का एकटी पडली नसती. तिनं कळशी उचलली, रिकामी. बाकीच्यांनीही रिकाम्या उचलल्या. त्या दिवशी वस्तीत कुणी चूल पेटवली नाही.

आता वनस्पतिशास्त्र, कारण शोकसभेत ते कुणी सांगितलं नाही. जलपर्णी एकदा काढून संपत नाही. तिचं बी चिखलात वर्षानुवर्षं पडून राहतं; उन्हाळ्यात पाणी हटलं, चिखल उघडा पडला की उगवतं. दरवर्षी त्या वेळी जाऊन ती कोवळी रोपं काढली तर तळं राहतं. हे अक्काला ठाऊक होतं. तिच्या अटीत फक्त आमचं पाणी नव्हतं, तळ्याचा जीवही होता. घाट आमचा झाला असता तर वस्ती दरसाल आपल्या पाण्यासाठी चिखलात उतरली असती. पुढच्या उन्हाळ्यात रोपं दिसली तेव्हा पाटलांनी मलाच तिच्याकडं मैलूरला पाठवलं. आणि मी गेलोही! ती वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "यंदा गवतायेवढंच असंल. एका हातानं निघंल."

"मग येतीस?"

"निघंल म्हणलं. कुणाच्या हातानं ते पाटलाला इचार."

गावातल्या एकाही हातानं ते केलं नाही. स्वतःच्या तळ्यात स्वतःचे हात चिखलात घालणं त्यांना कमीपणाचं होतं. ते तळं फुलानं मारलेलं नाही, अप्पांनी मारलेलं नाही, त्या लांबच्या नदीनंही नाही. आमच्या घागरीला पायरी उतरू द्यायची नाही म्हणून आख्ख्या गावानं आपलं पाणी सडू दिलं, आणि आज तेच गाव तिला कमळ म्हणतं. सभा संपल्यावर मी पाटलांच्या मुलाला एवढंच विचारलं, "घाटावर वस्तीच्या बाया पाणी भरू शकत्याल का?" तो समजुतीनं हसला. "आता तुमच्याकडं बोअर हाय की काका. घाट कशाला लागतंय तुमाला?" मला नाही लागत. ज्या घाटावर तिला पाय ठेवू दिला नाही त्या घाटाला तिचं नाव तुम्हाला कशाला लागतं, ते सांगा. पाटी लागली की झालं, असंच ना? ते नाव मी देणार नाही. भाऊ म्हणून माझी हरकत आहे, आणि या वेळी मी खाली बघत नाही.

मैलूरचं तिचं घर आवरताना स्वयंपाकघराच्या खिडकीत काचेची बरणी सापडली, वर जाळी बांधलेली. आत एक जलपर्णी. वर्गात दाखवायला ती एकच रोप ठेवायची. रोज सकाळी चहाआधी जाळी सोडून नवी आलेली पिल्लं खुडायची आणि गच्चीच्या कठड्यावर उन्हात टाकायची. पाण्याजवळ नाही, गटारात नाही, कचऱ्यात नाही. पूर्ण वाळली की चुलीत. ती गेल्यावर कुणी हात लावला नव्हता. पिल्लांनी बरणी गच्च भरली होती, जाळी वर उचलली गेली होती, आणि मधून एक जांभळं फूल बाहेर आलं होतं. मला ते फेकता येईना. मी बरणी मांडीवर धरून बसनं औरादला आणली. कंडक्टरनं विचारलं, काय आहे? मी म्हणालो, अक्काचं आहे.

आता सकाळचं ते काम माझ्याकडं आहे. पहिल्या दिवशी मी चुकलो, वरवर ओढलं आणि पिल्लू तुटून पाण्यात पडलं. आता खालून हात घालतो. काल पंचायतीकडून घाटाच्या नामकरणाची निमंत्रणपत्रिका आली, जाड, गुळगुळीत कागदाची, वर जांभळं कमळ छापलेलं, पाटीवरचा पडदा माझ्या हस्ते. आमचा कठडा मातीचा आहे, त्यावर ओली पिल्लं टाकली की चिकटून बसतात. पत्रिका उलटी करून अंथरली, तिच्यावर आजची पिल्लं ठेवली. दुपारपर्यंत वाळली. संध्याकाळी दोन्ही बरोबरच चुलीत गेली.